नव्वद दिवसांचं तेजोवलय

"वाचा! मोठ्याने वाचा, मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे!"

व्यासपीठावर उभे असलेले घड्याळवाले काका वयाने बासष्ट. त्यांनी औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद पुस्तक धरतात तसा धरला आणि मुंगीएवढ्या अक्षरांतला मजकूर घडाघडा वाचून दाखवला. डोळ्यांवर चष्मा नाही. मग हातभर अंतरावर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चार ओळी वाचल्या. मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दारावर टांगलेल्या फळ्यावरची सगळ्यात खालची ओळ. एक अक्षर चुकलं नाही.

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारी बसलेल्या ताईने माझं मनगट घट्ट धरलं. "बघितलंस? आता तरी बोल!"

मी काय बोलणार? व्यासपीठाच्या कडेला माशांची मोठी काचेची टाकी ठेवली होती आणि तिच्यात मासे नव्हते, चष्मे होते. येणारा प्रत्येक जण भक्तिभावाने आपला चष्मा काढून तिच्यात टाकत होता. मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढते, बावीस वर्षं तेच करते आहे. भिंगाची जाडी पाहिली की मला नंबर कळतो. टाकीत सगळ्यात वर एक उणे नऊचा चष्मा पडला होता. त्याचा मालक जिन्यावरून खाली कसा उतरणार, ही काळजी तिथे फक्त मलाच पडलेली दिसत होती.

"चष्मा म्हणजे काय?" पांढऱ्या कपड्यांतले नेत्रगुरू गरजले. त्यांनी स्वतः मात्र काळा चष्मा लावला होता. त्यांच्या नजरेचं तेज लोकांना सोसवत नाही म्हणे. "चष्मा म्हणजे डोळ्याची कुबडी! कुबडी दिली की पाय आळशी होतो. होतो की नाही?"

"होतो!"

"डोळा म्हणजे ऊर्जा, ऊर्जा म्हणजे प्रकाश, आणि प्रकाश म्हणजे?"

"नेत्रगुरू!"

डोळ्यापासून निघून तीन उड्यांत स्वतःपर्यंत पोचणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. शाळेत कुणी असं गणित सोडवलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे टाळ्या पडत होत्या.

मग व्रत समजावून सांगण्यात आलं. नव्वद दिवस सकाळ-संध्याकाळ निळ्या बाटलीतलं 'प्रकाशजल' डोळ्यांत घालायचं. आठवड्यातून तीनदा हॉलमध्ये यायचं आणि पूर्ण अंधारात एका दिव्याकडे टक लावून बसायचं. डॉक्टरांची औषधं बंद. डॉक्टर, दवाखाना, ऑपरेशन हे शब्द हॉलमध्ये कधीच तोंडातून काढायचे नाहीत, नाहीतर आलेली दृष्टी परत जाईल.

"आणि खूण काय?" नेत्रगुरूंनी आवाज खाली आणला. "आधी दिव्याभोवती तेजोवलय दिसेल. घाबरू नका. वलय दिसलं म्हणजे डोळा जागा झाला! मग ते वलय हळूहळू विरत जाईल आणि नव्वदाव्या दिवशी जवळचं, मधलं, लांबचं, सगळं लख्ख!"

इथे मात्र मी ताठ बसले. जवळचं, मधलं आणि लांबचं वाचून घेणं ही माझ्याच खोलीतली तपासणी होती. ती आम्ही एकाच प्रकारच्या रुग्णांची करतो, ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी ट्रायफोकल, म्हणजे तीन अंतरांची लेन्स बसवली आहे अशांची. आधी वलयं दिसायची आणि मग ती विरत जायची, हासुद्धा त्याच लेन्सचा ठरलेला क्रम. आणि घड्याळवाल्या काकांचा चेहरा मला केव्हाचा ओळखीचा वाटत होता. तीन महिन्यांपूर्वी ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते.

पण दवाखान्यातलं दवाखान्यातच ठेवायचं असतं. कुणाच्या डोळ्यात काय बसवलंय हे मी हॉलभर ओरडून सांगू शकत नव्हते. मला त्या नेत्रगुरूची किळस आली, शिसारी आली, आणि ती लपवायची माझी इच्छाही नाही.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. शिवणकाम करते. तिला काचबिंदू आहे, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद असल्यामुळे आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी तिला दिवसातून दोनदा घालायला थेंब दिले होते आणि पाण्याला नवी वाट करून द्यायला लेसरची तारीखही दिली होती.

त्या दिवशी तिला घरी सोडलं आणि फ्रीज उघडला. थेंबांची बाटली होती तशी, सील न फोडलेली.

"ताई, हे काय?"

"घालते की."

"सील न फोडता? आणि लेसरची तारीख?"

"गेली ती. अगं, मला काही झालेलं नाही. हे बघ." तिने सुई उचलली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवून दाखवला. "आंधळी बाई सुईत दोरा घालेल का?"

एवढं बोलून ती ऐटीत वळली आणि तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. हे दार तीस वर्षं त्याच जागी आहे. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या बडबडीने लक्ष विचलित झालं." त्यावर आम्ही दोघी खूप भांडलो. तिने मला दवाखान्याची पोपटीण म्हटलं, मी तिला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिला थेंब घालायला आणि हॉल सोडायला कसं लावावं हे मला सुचत नव्हतं. एक मात्र कळलं होतं. तिची सगळी भिस्त घड्याळवाल्या काकांवर होती. "माणूस डोळ्यांदेखत वाचतोय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या दुकानात गेले.

"अरे, नंबरवाल्या मॅडम! या, बसा." डोळ्याला भिंग न लावता ते मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. "तुमच्या लोकांनी माझ्या डोळ्यांची वाट लावली होती बरं का. नेत्रगुरूंनी सावरलं."

"वाट लावली म्हणजे काय झालं होतं?"

"दोन्ही डोळ्यांत तीन अंतरांची लेन्स घातली. घड्याळ, समोरचं गिऱ्हाईक आणि पलीकडच्या भिंतीवरची घड्याळं, सगळं चष्म्याशिवाय दिसेल म्हणाले. घरी येऊन बघतो तर प्रत्येक दिव्याभोवती एकात एक कडी! समोरून गाडी आली की धडकी भरायची. मंद उजेडात बारीक दिसेना. म्हटलं, झालं, फसलो."

"आणि गुरू कुठे भेटले?"

"तिसऱ्या आठवड्यात तपासणीला आलो होतो. औषधांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. थर्मासमधला चहा दिला. लेन्स कोणती बसवली, कधी बसवली, सगळं आपुलकीने विचारलं. आणि मग म्हणाल्या, दिव्याभोवती कडी दिसतात ना? मी चाटच पडलो! न सांगता ओळखलं बघा."

न सांगता! लेन्सचं नाव ऐकल्यावर एवढं तर आमच्याकडच्या झाडूवाल्या मावशींनीही ओळखलं असतं. "आणि नव्वद दिवसांत जातील म्हणाल्या?"

"गेली की! आता जवळजवळ नाहीतच."

"काका, ऑपरेशननंतर आम्ही तुम्हाला एक छापील कागद दिला होता. आहे का?"

काका टापटिपीचे. सगळ्या घड्याळांच्या हमीपत्रांबरोबर तोही खणात होता. मी म्हटलं, "वाचा."

ते वाचू लागले. "नवीन लेन्स बसवल्यावर काही रुग्णांना दिव्यांभोवती वलये दिसतात. मेंदूला लेन्सची सवय होईल तसा, साधारण तीन ते सहा महिन्यांत, हा त्रास कमी होत जातो..." त्यांचा आवाज मध्येच थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

"म्हणजे मी नुसता घरी बसलो असतो तरी?"

"तरी आज एवढंच दिसलं असतं. ऑपरेशन उत्तम झालं होतं काका, फक्त तुमची समजूत काढायला आम्ही कमी पडलो. तेवढी फट त्या माणसाला पुरली."

मला वाटलं होतं, ते खवळतील. ते लाजले, आणि लाजलेला माणूस समजवायला फार अवघड. "मॅडम, मी ओळखीपाळखीतली पन्नास-साठ माणसं तिथे नेली आहेत. आता कुठल्या तोंडाने सांगू?" जरा थांबून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि खरंच बोललो आणि दृष्टी परत गेली तर?"

कागद हातात असूनही! मी डोक्याला हात लावला आणि परत आले.

तीन दिवसांनी दुपारी ताईचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मला दिसलं! काल संध्याकाळी हॉलमध्ये दिव्याभोवती सप्तरंगी कडं दिसलं! घड्याळवाल्यांना दिसलं होतं तसंच. आज पुन्हा बसणार आहे."

"ताई, डोकं दुखतंय का?"

"डावी बाजू जरा ठणकतेय. पण गुरू म्हणतात, ते जागं होण्याचं लक्षण आहे."

ताईच्या डोळ्यात लेन्सबिन्स काही बसवलेली नव्हती. काचबिंदूच्या माणसाला दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं म्हणजे आतला दाब भडकला आहे, डोळ्याचा समोरचा पडदा सुजला आहे आणि उजेड त्यातून फुटतो आहे. अंधारात बाहुली रुंदावते आणि तिची आधीच अरुंद असलेली वाट पार बुजते. म्हणजे थेंब बंद करायचे आणि काळ्याकुट्ट हॉलमध्ये बसवायचं, हा तिचा डोळा मारण्याचा अगदी खात्रीचा उपाय होता. तो तिला व्रत म्हणून दिला होता. आणि धोक्याची घंटा वाजली तर तिला शुभ लक्षण मानायलाही शिकवलं होतं.

मी डोळा आतून पाहायचं हातातलं यंत्र पर्समध्ये टाकलं आणि धावत सुटले. हॉलवर पोचले तेव्हा आत अंधार होता, समोर एक दिवा होता, आणि ताई व्यासपीठावर होती.

"सांगा माउली, काय दिसतंय?"

"कडं," ताई म्हणाली. तिचा तळहात डाव्या कपाळावर दाबलेला होता. "मोठं झालंय. दिवा धूसर झालाय. आणि मळमळतंय मला."

"विष बाहेर पडतंय!" गुरू ओरडले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोळा मरत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. हे मी कधी विसरणार नाही.

मी वर चढले आणि तिच्या डोळ्यात उजेड टाकला. डावा डोळा लालभडक, बुबुळावर श्वास सोडलेल्या काचेसारखा धुरकटपणा, बाहुली अर्धवट उघडी आणि जागच्या जागी अडकलेली.

"ताई, आत्ताच्या आत्ता चल. काही तासांत डोळा जाईल."

"दवाखान्याची दलाल आहे ही!" गुरू गरजले. खालून "उतर खाली!" अशी ओरड सुरू झाली. आणि ताईने माझा हात झटकला. "तू जा. काकांना आली तशीच मलाही दृष्टी येणार आहे."

काका पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याबद्दल एक अक्षरही मी बोलू शकत नव्हते. मी फक्त त्यांच्याकडे पाहत राहिले. ते मान खाली घालून बसले होते. मग ताईला उमासा आला आणि ती वाकली. काका उठले.

"दिवे लावा," ते म्हणाले. कुणी हललं नाही. "दिवे नका लावू, बरं. पण ऐका. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. आत लेन्स आहे. मला दिसतंय ते तिच्यामुळे. गुरूंकडे आलो त्याच्या आधीच ती बसवली होती."

"शपथ मोडली!" गुरूंचा आवाज चिरकला. "आता बघा काय होतं ते! आंधळे व्हाल!"

काका घाबरले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. मग उघडले, हॉलच्या टोकाच्या फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अंधार आहे, पण वरच्या दोन ओळी दिसतायत. नाही गेली."

कुणीतरी हसलं. पण ताई हट्टाला पेटली होती. "मग ते ऑपरेशन बिघडलं असणार, गुरूंनी नीट केलं. कडी दिसायची ती गुरूंमुळे गेली, असं काका स्वतःच म्हणाले होते."

बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता. मी यंत्र ताईच्या उजव्या डोळ्याला लावलं आणि काकांना समोर उभं केलं. "त्यांच्या बाहुलीत बघ. काय दिसतंय?"

"केशरी गोल." ती थांबली. "आणि त्यात रेघा आहेत. गोल, एकात एक. अगदी सारख्या अंतरावर."

"कारखान्यात यंत्राने घडवलेल्या आहेत त्या," काका म्हणाले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सांगायला माझी गरज नव्हती. "त्याच उजेड तीन ठिकाणी वाटून देतात. दिव्याभोवती कडी दिसायची ती त्यांच्यामुळेच, ताई. गुरूंच्या पाण्यामुळे नाही."

"आणि तुझ्या डोळ्यात अशी लेन्स नाही," मी म्हटलं. "मग तुला कडं कशाचं दिसतंय, सांग."

ताईने यंत्र खाली केलं. ती शिवणारी बाई, टाके हाताने घातलेत की मशीनने हे तिला लांबून कळतं. तिने एकदा गुरूंकडे पाहिलं आणि माझा दंड धरला. "चल," ती म्हणाली.

गुरूंनी व्यासपीठावर मिरवलेले आणखी चार चमत्कार मागे बसले होते. काकांनी ताईच्या हातातलं यंत्र घेऊन त्यांच्याकडे वळवल्याबरोबर एका बाईंनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. दुसरे गृहस्थ मात्र उठून म्हणाले, "माझेही बघा. मलाही त्या थर्मासवाल्या बाईच भेटल्या होत्या." एवढ्यात कुणीतरी खरोखरच दिवे लावले आणि सगळे टाकीकडे धावले. पण चष्म्याशिवाय स्वतःचा चष्मा शोधायचा कसा? एकमेकांचे चष्मे लावून, डोळे बारीक करून लोक एकमेकांना विचारत होते, "हा तुमचा का हो?" गुरू मात्र अजूनही श्रद्धेच्या कसोटीवर बोलत होते आणि पुढच्या दोन रांगा अजूनही हात जोडून ऐकत होत्या. मी तिथे आणखी थांबले नाही.

ताईच्या डाव्या डोळ्याचा दाब छप्पन्न होता. तो वीस-एकवीसच्या आत हवा. शिरेतून औषध देऊन डॉक्टरांनी तो खाली आणला, आणि पडदा स्वच्छ झाल्यावर दोन्ही डोळ्यांना लेसर केलं. उजवा डोळा वाचला. डाव्याचं किती उरलं ते महिन्याभराने मोजायचं होतं.

पोलिसांत तक्रार मी दिली, काकांनी खाली आपली सही केली. ज्यांना हॉलमध्ये नेलं होतं त्या माणसांच्या घरी काका एकेक करून जाऊन आले. काहींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. नेत्रगुरूंनी हॉल सोडला. अशी माणसं हॉल सोडतात, धंदा सोडत नाहीत.

त्यांचा चमत्कार किती सोपा होता पाहा. ज्यांना डॉक्टरांनी आधीच दृष्टी दिली आहे आणि जे अजून त्या दृष्टीला सरावले नाहीत, असे लोक दवाखान्याच्या दारातून वेचायचे. मेंदूला सवय व्हायला लागतो तेवढ्याच मुदतीचं व्रत द्यायचं. ऑपरेशनचं नाव काढायला बंदी घालायची. बाकीचं काम लेन्स आणि मेंदू करतात, श्रेय काळा चष्मा घेतो. आणि त्या पाच जणांना पाहून ज्यांच्या डोळ्यांत काहीच बसवलेलं नाही असे शेकडो जण आपापली औषधं कचऱ्यात टाकतात.

महिन्याभराने मी ताईला नजरेचा परीघ मोजायच्या यंत्रासमोर बसवलं. त्यात मधल्या ठिपक्याकडे पाहत बसायचं असतं. कडेला कुठेतरी बारीक दिवा लागतो. तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला बटण भराभर वाजलं. मग मी उजवा डोळा झाकला. पडद्यावर मला दिवे लागताना दिसत होते. एक. दोन. पाच. नऊ. बटण वाजलं नाही.

"अगं, बंद पडलंय का तुझं यंत्र?" ताईने विचारलं. "दिवे लागतच नाहीत."

"लागतायत, ताई," मी म्हटलं.

बटण हातात तसंच होतं. मग म्हणाली, "लिही हे. माझं नाव नको घालूस, पण लिही."

म्हणून लिहिलं. वाचणाऱ्याला मला एवढंच सांगायचं आहे. कुणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, याच्या आधी या माणसाच्या डोळ्याला काय काय केलं होतं? जो हा प्रश्न विचारायलाच बंदी घालतो, त्याला उत्तर माहीत असतं. काचबिंदूने गेलेली नजर कुणीही परत आणू शकत नाही, आमचे डॉक्टरही नाही. ती जाण्याआधी थांबवता मात्र येते. तुम्हाला थेंब दिले असतील तर ते आज घाला. पाया कुणाच्या पडायचं ते नंतर बघा.